ताई, प्रपोजल बजेटच्या पानापासून लिहायला घ्या

पत्र (थोडं छोटं करून):
"नमस्कार ताई. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका गावातली. आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, काही लेकरं सोबत जातात, काही मागं आजी-आजोबांजवळ राहतात. मागच्या वर्षी आम्ही बचत गटातल्या बायांनी मिळून संस्था रजिस्टर केली अन् गेल्या हंगामात गावातूनच ज्वारी-डाळ गोळा करून मागं राहिलेल्या लेकरांना संध्याकाळचं जेवण अन् अभ्यास असं चालवलं. फेब्रुवारीत सामान संपलं अन् बंद पडलं. मग एका मोठ्या कंपनीला २५ लाखांचं २२ पानांचं प्रपोजल पाठवलं, तीन महिने झाले काहीच उत्तर नाही. आता एक जण म्हणतोय मी लिहून देतो, मंजूर झालं की दहा टक्के द्या. काय करावं? प्रपोजल सोबत जोडलंय."

ताई, नमस्कार. प्रपोजल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

सगळ्यात आधी त्या दहा टक्केवाल्याचं सांगते कारण ते घाईचं आहे. त्याला नाही म्हणा, आजच म्हणा. ते दहा टक्के येणार कुठून हे बघा ना, कंपनी जे बजेट मंजूर करते त्यात लिहून देणाऱ्याच्या टक्केवारीचा रकाना नसतो, म्हणजे ते पैसे काढायला किराण्याचं नाहीतर भांड्यांचं बिल फुगवावं लागणार आणि त्या बिलावर सही तुमची असणार, त्याची नाही. ऑडिटच्या वेळी सीएसमोर तुम्ही बसणार. लिहायला मदत घ्या, जरूर घ्या, गावातले गुरुजी असतील, कॉलेजला जाणारी एखादी पोरगी असेल, ठरलेले पैसे द्या अन् पावती घ्या, पण मंजुरीवर टक्का कुणालाच नको. आणि मंजुरीच्या आधी कंपनीचा माणूस बहुतेक वेळा गावात येऊन बघतो, तो प्रश्न तुम्हालाच विचारणार, तेव्हा कागदावर तुमचंच म्हणणं असलं पाहिजे.

आता उत्तर का आलं नसेल ते. मला वाटतं तुमचं प्रपोजल बहुतेक वाचलंच गेलं नाही, आणि त्याचं कारण तुमच्या लिहिण्यात नाही, कागदपत्रात आहे.

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजाच्या कामावर करायचा खर्च, तो येतो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधून. आधीच्या वर्षी ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, नाहीतर उलाढाल १,००० कोटी, नाहीतर नेटवर्थ ५०० कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करावेच लागतात. त्यामुळं मागायला लाजायचं काहीच कारण नाही, तुमच्या प्रपोजलमध्ये जे "आपल्या चरणी नम्र विनंती" वगैरे चार ठिकाणी आलंय ते सगळं काढून टाका. पण तो पैसा कुठल्या संस्थेला देता येतो याचेही नियम आहेत. संस्थेकडं आयकर खात्याची १२ए आणि ८०जी ही नोंदणी पाहिजे, कंपनी मंत्रालयाकडं सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नंबर पाहिजे, तो १ एप्रिल २०२१ पासून लागतो, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. तुमची संस्था मागच्या वर्षीची, १२ए-८०जीचा उल्लेख २२ पानांत कुठंच नाही. म्हणजे कंपनीतल्या माणसाला कितीही वाटलं असतं तरी तुमच्या खात्यावर थेट पैसे टाकता आले नसते. हे आधी कुणी सांगायला पाहिजे होतं तुम्हाला, रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट हातात आलं की सगळं झालं असं लोक सांगत सुटतात आणि पुढचं कुणी बोलत नाही.

यावर मार्ग आहे. आपल्याकडं जुन्या संस्था आहेत, अंबाजोगाईचं मानवलोक १९८२ पासून आहे, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं कामाला आलेल्या अन् तिथंच टिकलेल्या संस्था आहेत. कागदपत्रं पूर्ण असलेल्या अशा एखाद्या संस्थेच्या ऑफिसला जा, गटातल्या दोघी-तिघी मिळून जा, आणि विचारा की प्रपोजल तुमच्या नावाने देऊया का, काम गावात आम्ही चालवतो. पैसे त्यांच्या खात्यावर येतील, किराण्याची बिलं अन् बायांचं मानधन त्यांच्याच खात्यातून जाईल, हिशोबाची वही गावात तुम्ही ठेवाल. हे तोंडी ठेवायचं नाही, करारनामा करायचा, त्यात त्यांचा ऑफिसखर्च किती, बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे, रिपोर्ट कोण लिहिणार, सगळं लिहायचं, आणि ही सगळी व्यवस्था प्रपोजलमध्येही उघड सांगायची. तुमच्या १२ए-८०जीचं काम सीएकडून सोबतच सुरू करा. गेल्या हंगामातली लेकरांच्या हजेरीची वही, ज्वारी कुणी किती दिली त्याची यादी, जे काही फोटो असतील ते, हे सगळं जपून ठेवा. तीन वर्षांच्या अनुभवाचं पहिलं वर्ष त्याच वहीत आहे.

आता लिहिण्यावर येते.

तुमचं पहिलं पान "भारत हा कृषिप्रधान देश आहे" इथून सुरू होतं, मग दुष्काळ, मग मराठवाड्याचा अनुशेष, मग महिला सक्षमीकरण, आणि तुमच्या गावातलं लेकरू पहिल्यांदा दिसतं नवव्या पानावर. सतराव्या पानावर, तेही मधेच, तुम्ही लिहिलंय की गेल्या हंगामात ४६ लेकरं रोज संध्याकाळी यायची, गावाने सहा क्विंटल ज्वारी दिली, स्वयंपाक बायांनी पाळी लावून केला, आणि फेब्रुवारीत बंद करावं लागलं. ताई, हेच तर प्रपोजल आहे! हा परिच्छेद उचला आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीला ठेवा. ज्या बायांनी एक रुपया बाहेरून न घेता तीन महिने ४६ लेकरांना जेवू घातलं त्यांना कृषिप्रधान देशाची ओळख द्यायची काहीच गरज नाही. वाचणारा माणूस पुण्या-मुंबईत बसलेला असतो, त्याच्यापुढं असे ढीगभर कागद असतात, त्यातल्या बऱ्याच कागदांवर दुष्काळाचं वर्णन सारखंच असतं, पण सहा क्विंटल ज्वारी फक्त तुमच्या कागदावर आहे. बाकी प्रस्तावना, अनुशेष, सक्षमीकरण सगळं काढा. पाच-सहा पानांत बसतं हे.

आणि समजा त्या माणसाला ऊसतोड म्हणजे काय हेच माहीत नाही असं धरून लिहा, चार ओळींत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम आधी उचल देतो, ती फिटेपर्यंत टोळीसोबत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर राहायचं, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत परत यायचं नाही. त्यामुळं मागं राहिलेल्या लेकरांना पाच-पाच महिने आई-बाप दिसत नाहीत अन् रात्रीची भाकरी म्हाताऱ्या आजीच्या गुडघ्यांवर अवलंबून असते. एवढं पुरे. "भीषण", "विदारक", "हृदयद्रावक" हे शब्द तुम्ही फार वापरलेत, एकही नको, जे घडतं ते साधं सांगितलं की कळतं.

मग पुरावा. तुम्ही इंटरनेटवरून राज्याचे आकडे घेतलेत, त्यांचा उपयोग नाही. तुमच्या गावचे आकडे गावातच आहेत. झेडपीच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना विनंती करा, हजेरीपटावरून दिवाळीच्या आधीच्या महिन्यात वर्गात किती लेकरं होती अन् जानेवारीत किती, इयत्तेप्रमाणे उतरवून घ्या. ग्रामसेवकांकडं ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रासाठी नोंद झाली असेल तर गावातून किती कोयते जातात ते तिथं मिळेल, नसेल तर गटातल्या बायांनी घरोघर फिरून मोजावं, तुमच्या गावात दोन दिवसांचं काम आहे. आशाताई, अंगणवाडीताई यांच्याकडं लहान लेकरांची वजनं असतात. जो आकडा लिहाल त्याच्यापुढं तो कुठून घेतला, कुठल्या महिन्याचा, हे लिहायचं.

याच जागी एक प्रश्न येणारच, आणि तुमच्या प्रपोजलमध्ये त्याचं उत्तर नाही: मागं राहिलेल्या लेकरांसाठी सरकार हंगामी वसतिगृह चालवतं ना, शाळेत दुपारचं जेवण मिळतं ना, मग तुमची गरज काय? हा प्रश्न टाळू नका, स्वतःच काढा. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला जाऊन विचारा की यंदा आपल्या शाळेला हंगामी वसतिगृह मंजूर आहे का, किती लेकरांसाठी, कधीपासून. मंजूर असेल तर त्या लेकरांची नावं तुमच्या यादीतून वेगळी काढा आणि जी उरतात त्यांच्यासाठीच मागा. नसेल तर तसं लिहा. दुपारचं पोषण आहाराचं जेवण पहिली ते आठवीला शाळेच्या दिवशी मिळतं, संध्याकाळचं नाही, आणि नववी-दहावीच्या पोरींना तर दुपारचंही नाही. तुमची जागा नेमकी तीच आहे, संध्याकाळी सहा ते साडेआठ, ती एवढ्या स्पष्टपणे सांगितली की वाचणाऱ्याला वाटतं या बायांना आपल्या गावातलं सगळं माहितीये.

आता बजेट. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण माझं ठाम मत आहे की प्रपोजल बजेटच्या पानापासून लिहायला घ्यावं आणि बाकीचं नंतर लिहावं. आपण उलटं करतो, आधी मोठमोठं लिहितो आणि शेवटच्या रात्री आकडे टाकतो, मग लिहिलेलं एक अन् मागितलेलं दुसरंच होऊन बसतं. तुमच्या २५ लाखांत एक गाडी आहे, दहा कम्प्युटर आहेत, "इतर खर्च" अडीच लाख आहे. गाडी कशाला? ४६ लेकरं गावातलीच आहेत, चालत येतात. कम्प्युटरचा बाकी प्रपोजलमध्ये एका शब्दाने उल्लेख नाही. हे कुणीतरी सुचवलं असणार की मागतानाच जास्त मागा, कापून कापून काहीतरी मिळेल. मला ही सवय अजिबात पटत नाही, कारण फुगवलेला एक आकडा दिसला की वाचणारा बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

मी तुमच्याच माहितीवरून मांडून बघितलं, भाव तुम्ही तुमच्या बाजाराचे टाका. ज्वारी गावाची धरली तर डाळ, तेल, भाजी, आठवड्यातून दोनदा अंडी आणि गॅस मिळून एका ताटाला ३० रुपये. ४६ लेकरं, महिन्याचे २६ दिवस, नोव्हेंबर ते मार्च पाच महिने, झाले १,७९,४०० रुपये. स्वयंपाकाला दोघी, प्रत्येकी महिना ६,००० मानधन, पाच महिन्यांचे ६०,०००. अभ्यास घ्यायला गावातल्याच शिकलेल्या दोन पोरी, प्रत्येकी ५,०००, म्हणजे ५०,०००. वह्या-पुस्तकं लेकरामागं ६००, झाले २७,६००. भांडी एकदाच २४,०००, लाईट गेल्यावर चालणारे सोलर दिवे एकदाच १८,०००, हिशोब-ऑडिट-प्रवास १५,०००. सगळं मिळून ३,७४,००० रुपये. लेकरामागं पूर्ण हंगामाचे साधारण ८,१३० रुपये, म्हणजे दिवसाला ६२-६३ रुपये, त्यात जेवण आलं, शिकवणं आलं, सगळं आलं. दुसऱ्या वर्षी भांडी-दिवे लागणार नाहीत, तेव्हा ३,३२,०००. बघा, २५ लाखांवरून कुठं आलो, आणि हा प्रत्येक रुपया तुम्ही डोळे मिटून समजावून सांगू शकता.

बायांचं मानधन मुद्दाम टाकलंय. तुम्ही लिहिलंय की सेवाभावाने फुकट करू. गेल्या वर्षी केलंत, मानलं पाहिजे तुम्हाला, पण पाच महिने रोज ५० जणांचा स्वयंपाक फुकट करणारी बाई स्वतःचा रोज बुडवायलेली असते, आणि कधी ना कधी तिला घरासाठी ते सोडावंच लागतं. देणाऱ्यांनाही हे कळतं, चालवणाऱ्या माणसांचा खर्च नसलेलं बजेट त्यांना कच्चं वाटतं.

आणि गावाचा वाटा वेगळा रकाना करून दाखवा. पाच महिन्यांना अंदाजे नऊ क्विंटल ज्वारी लागेल, क्विंटलला ३,००० भाव धरला तर २७,०००. ग्रामपंचायतीचा हॉल फुकट मिळतोय, त्याचं भाडं महिना २,००० धरा, म्हणजे १०,०००. गावाचे झाले ३७,०००. हॉलसाठी ग्रामसभेचा ठराव घ्या, शिक्क्यासह कॉपी जोडा. किराणा अन् भांडी यांची दोन-तीन दुकानांची कोटेशन जोडा, धारूरची चालतात, मोठ्या शहरातलीच पाहिजेत असं नाही.

पुढचं, काय बदलेल ते. "मुलांचा सर्वांगीण विकास होईल" याने काहीच कळत नाही. तीन-चार गोष्टी धरा ज्या तुम्ही स्वतः वहीत मोजू शकता: जानेवारीतली शाळेची हजेरी किती राहिली, हंगामाच्या सुरुवातीला अन् शेवटी वजन किती, किती लेकरांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता यायला लागला, आणि किती घरांनी यंदा लेकरू फडावर न नेता मागं ठेवलं. शंभर टक्के लिहू नका. ४६ पैकी ३८-४० रोज येतील असं लिहिलं तर जास्त खरं वाटतं, कारण काही लेकरांना आई-बाप मधेच घेऊन जाणारच, ते आपल्या हातात नाही आणि तसं लिहायलाही हरकत नाही.

एक गोष्ट तुमच्याकडून पूर्ण राहून गेलीये, लेकरांची सुरक्षितता. साडेआठला अंधारात पोरी घरी कशा जातात? कोण सोडतं? वस्तीवरच्या लेकरांचं काय? केंद्रात पुरुष मदतनीस असेल तर त्याची माहिती कुणी तपासली? कुणाला त्रास झाला तर त्यांनी कुणाला सांगायचं? एक पान याच्यावर लिहा, आणि कागदापुरतं नको, खरंच ठरवून घ्या. फोटोचंही तेच. आई-बाप जाण्याआधीच, दसऱ्याच्या सुमारास, त्यांची लेखी संमती घ्या. रडवेल्या चेहऱ्याचे फोटो जोडायचे नाहीत, तुमच्या प्रपोजलमध्ये तसे दोन आहेत, ते काढा. ती लेकरं उद्या मोठी होणार आहेत, त्याच गावात राहणार आहेत.

कुणाला पाठवायचं? पत्ता सापडला म्हणून पाठवू नका. कायद्याने कंपनीला सीएसआर धोरण अन् मंजूर प्रकल्प वेबसाईटवर टाकावे लागतात, ते वाचा. सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कुठल्या कंपनीने कुठल्या जिल्ह्यात किती खर्च केला ते दिसतं, बीड निवडून बघा. कायद्याच्या अनुसूची सातमध्ये भूक-कुपोषण निर्मूलन आणि शिक्षण दोन्ही आहेत, तुमचं काम तिथं बसतं, ही एक ओळ प्रपोजलमध्ये असू द्या. कंपन्या आपल्या आसपासच्या भागाला आधी देतात, कायदाही तसंच सांगतो, त्यामुळं संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा एमआयडीसीतल्या किंवा जालन्याच्या कंपन्या आधी त्यांच्या आजूबाजूची गावं बघणार. पण तुमच्याकडं एक वेगळा दरवाजा आहे आणि तो तुम्ही वाजवलाच नाही: तुमच्या गावातले कोयते ज्या कारखान्यांना जातात ते कारखाने. सहकारी कारखान्याला हा कायदा लागू होत नाही, पण खासगी कारखाना कंपनी असतो, नफा ५ कोटींच्या वर असेल तर त्यालाही २ टक्के लागू. मुकादमांना विचारून यादी काढा, गावातल्या किती टोळ्या कुठल्या कारखान्याला गेल्या. या लेकरांच्या आई-बापांनी तोडलेल्या उसावर तो कारखाना चालतो, त्याच्यापुढं हे मागणं ठेवायचा तुमचा हक्क बाकी कुणापेक्षा मोठा आहे. फक्त लिहिताना केंद्र गावातल्या सगळ्या गरजू लेकरांना खुलं ठेवा, कारण निव्वळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत, उगाच तेवढ्यावरून अडायला नको.

वेळही बघा. कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च, आराखडा बहुतेक पहिल्या काही महिन्यांत ठरतो. तुम्हाला नोव्हेंबरला पैसे पाहिजेत तर प्रपोजल एप्रिल ते जूनमध्ये त्यांच्या हातात पाहिजे, तुम्ही पाठवलं ऑगस्टमध्ये. उलट जानेवारी-फेब्रुवारीत कधी कधी फोन येतो की थोडी रक्कम शिल्लक आहे, ३१ मार्चच्या आत खर्च होईल असं काही आहे का, त्यासाठी भांडी अन् सोलर दिव्यांचं एक पान वेगळं तयार ठेवा, कोटेशनसह. पाठवल्यावर पंधरा दिवसांनी एक मेल, मग एक फोन, रागवायचं नाही. नाही म्हणाले तर कशामुळं एवढं विचारायचं, पुष्कळजण सांगतात.

आता क्रम असा ठेवा. या आठवड्यात गटाची मीटिंग घ्या, माझे आकडे खोडून तुमचे टाका, किराणा दुकानदाराला सोबत बसवा, आणि बजेट सगळ्याजणींपुढं मोठ्याने वाचा, ज्या बाईने गेल्या वर्षी स्वयंपाक केला तिला विचारा की ३० रुपयांत ताट बसतं का. तिने हो म्हटलं की ते पान मला पाठवा. बाकीची पानं त्याच्यानंतर लिहू, मी सोबत आहे.